लॅपटॉप पाचव्यांदा ‘ओके टेस्टेड’ होऊन आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद

जमाखर्च | २१ ऑगस्ट २०२५, रात्री ११.५२

आधीच सांगते, धागा रडका आहे. ज्यांना नको त्यांनी इथूनच मागे फिरावं.

मी चिपळूणला असते. घरूनच लहान दुकानदारांचे हिशेब लिहिते आणि जीएसटीची विवरणपत्रं भरते. सतरा दुकानं आहेत. जुना लॅपटॉप २२ जुलै २०२१च्या पुरात वाशिष्ठीने नेला. त्यानंतर दोन वर्षं भावाच्या डबड्यावर काढली आणि २०२३च्या गणपतीत हा नवा घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडणं नकोत. एक वर्षाची वॉरंटी होती, वर दोन वर्षांची वाढीव मी पैसे भरून घेतली. तेव्हा घरचे म्हणाले होते, कशाला? आता तेच म्हणतात, बरं झालं घेतलीस. मला मात्र दोन्ही वेळा रडूच येतं.

रोग असा. काम करता करता पडदा काळा होतो. पंखा फिरत असतो, दिवा लागलेला असतो, आत मात्र काहीच नाही. बटण दाबून धरून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. कधी लगेच उठतो, कधी चार-चार वेळा काळाच राहतो. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडं असताना असं झालं की डेटाची वाट लागते, मग तो दुरुस्त करायला रीराइट चालवत बसा.

अधिकृत सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. सकाळची एसटी पकडून कुंभार्लीतून जायचं, टोकन घ्यायचं, लॅपटॉप ठेवून परत यायचं आणि आठवड्याने आणायला पुन्हा जायचं. महिला सन्मानचं अर्धं तिकीट आहे म्हणून, नाहीतर एवढ्या फेऱ्यांत सेकंडहँड लॅपटॉप आला असता.

जानेवारीत एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) बदलली, तीन आठवडे चालला. मार्चमध्ये रॅम (चालू कामाची मेमरी) बदलली, महिनाभर चालला. मेमध्ये मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्डच, नवा घातला. म्हटलं आता सुटले, तर पाच आठवड्यांनी पुन्हा काळोख. जुलैत बॅटरी बदलली, अठरा दिवस. या खेपेला म्हणाले, “मॅडम, हार्डवेअर सगळं नवीन आहे, सॉफ्टवेअर इश्यू असणार,” आणि विंडोज नव्याने टाकून दिलं. जॉबशीटवर पाचव्यांदा तोच शिक्का: ओके टेस्टेड. १८ तारखेला घरी आणला, १९ला बंद पडला. आणि काल होती २० तारीख. जीएसटी भरणाऱ्यांना २० म्हणजे काय ते सांगायला नको, शेवटची तारीख. तीन विवरणपत्रं एका गिऱ्हाइकाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उभ्याने भरली. दोन राहिली. त्यांचा दिवसाला पन्नास रुपये दंड माझ्या खिशातून.

आता करू काय? नवा घ्यायची ऐपत नाही असं नाही, पण जीव होत नाही.

सोलकढी_विथ_आइस | २२ ऑगस्ट, सकाळी ७.१०

चटई टाकून बसलोय. माझा पण असाच होता, शेवटी धाकट्याला गेम खेळायला दिला. त्याच्याकडे मस्त चालतो. माणूस बघून बंद पडतात ही यंत्रं.

उंटावरचा_शहाणा | २२ ऑगस्ट, सकाळी ८.३३

विंडोज काढा, लिनक्स टाका. नाहीतर सरळ मॅक घ्या. स्वस्तातलं घ्यायचं आणि मग रडायचं, हा आपला राष्ट्रीय छंद.

ल्योंची_मावशी | २२ ऑगस्ट, दुपारी १.०५

शहाणेराव, मॅकवाल्यांनाही अश्रू असतात. २०१५ ते २०१९ मधल्या बऱ्याच मॅकबुकांना जो पातळ ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड होता, त्यात धुळीचा कण गेला की अक्षर एकतर उमटायचं नाही किंवा दोनदा उमटायचं. अमेरिकेत खटला होऊन २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. महाग घेतलं की रडणं थोडं महागडं होतं, एवढंच.

आमच्याकडे फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून दुकानात लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीचे गुण लावावे लागतात, दहापैकी. उघडायला किती सोपा, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय, अशा गोष्टींवर. मी गेल्या खेपेला रंग आणि वजन बघून घेतला, गुण बघितलेच नाहीत, हा भाग वेगळा.

सोलकढी_विथ_आइस | २२ ऑगस्ट, दुपारी २.४०

जमाखर्चताई, घरचं अर्थिंग बघून घेतलंत का? चार्जर लावला की अंगाला बारीक झिणझिण्या येतात का? आमच्याकडे यायच्या.

जमाखर्च | २२ ऑगस्ट, दुपारी ३.१५

येतात! पत्र्याच्या भागाला मनगट लागलं की येतात. वायरमन बघून गेला, म्हणाला अर्थिंग कच्चं आहे. त्याचे आठशे रुपये वेगळे. पण नवी तार टाकूनही लॅपटॉप तसाच.

तारायंत्र | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ६.२०

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालोय, कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. लाइनवरचे फॉल्ट मात्र तीस वर्षं शोधले. सगळ्यात वाईट फॉल्ट येऊन-जाऊन असणारा. लाइन मेली असेल तर शोधायला सोपी. माणूस पोचला की चालू आणि माणूस गेला की बंद, ही लाइन केस पांढरे करते.

काही प्रश्न विचारतो, रागावू नका.

चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर असतानाही बंद पडतो का? पडत असेल तर अर्थिंगचा विषय सोडून द्या.

सर्व्हिस सेंटरात एकदाही बंद पडला का?

तुम्ही कुठे बसून काम करता? टेबलावर?

आणि घेतल्यापासून कधी पडला-आपटला, बाहेर कुठे उघडला, असं काही?

जमाखर्च | २२ ऑगस्ट, रात्री ९.४८

बॅटरीवरही पडतो. सेंटरात कधीच नाही. म्हणतात, चोवीस तास चालू ठेवला, काही झालं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असं असतं की बाईला वापरता येत नाही.

टेबल नाही हो काका. जमिनीवर गादी, समोर पाट, त्यावर लॅपटॉप. कंटाळा आला की मांडीवर. स्वयंपाकघरात कुकर बघायला उठते तेव्हा उचलून ओट्यावर नेते.

पडलेला नाही. फक्त गेल्या दिवाळीत डावी बिजागरी तुटली होती. ते यात धरू नका, पडद्याशी संबंध नाही त्याचा. वॉरंटीत बसत नाही म्हणाले, ‘फिजिकल डॅमेज’. म्हणून इथल्याच एकाकडून चिकटवून घेतली.

लॅमिंग्टनकर | २२ ऑगस्ट, रात्री १०.३१

ताई ताई ताई. हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं.

वकीलीणबाई | २२ ऑगस्ट, रात्री १०.५५

पेशंट डॉक्टरपासून आणि अशील वकिलापासून नेमकी हीच गोष्ट लपवतो.

तारायंत्र | २३ ऑगस्ट, पहाटे ५.४०

रात्री तुमची यादी कागदावर मांडली.

एसएसडी, तीन आठवडे. रॅम, एक महिना. बोर्ड, पाच आठवडे. बॅटरी, अठरा दिवस. विंडोज, एक दिवस.

पहिल्या चारही वेळा भाग वेगळा बदलला, तरी काही दिवस आराम पडला. एसएसडी, रॅम, बोर्ड आणि बॅटरी हे चारही एकाच वेळी खराब असणं मला पटत नाही. आणि पाचव्या वेळी आराम अजिबात पडला नाही. त्या वेळी वेगळं काय केलं? विंडोज टाकलं, म्हणजे लॅपटॉप उघडलाच नाही.

मला वाटतं, बदललेल्या भागाने तो बरा होत नव्हता. उघडून परत बसवल्याने होत होता. कुठलातरी सांधा ढिला आहे. उघडताना तो हलतो, नीट बसतो आणि वापरता वापरता पुन्हा सुटतो. टेलिफोनच्या पिलरमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या तारांच्या कपाटात, असंच व्हायचं. लाइनमन कवाड उघडून चार तारा चाचपायचा, फोन लागायचा आणि सगळे म्हणायचे, काय हात आहे याचा!

कुठला सांधा ते लॅमिंग्टनकर सांगतील.

नुसताच_वाचक | २३ ऑगस्ट, सकाळी ७.०२

काका, दंडवत.

लॅमिंग्टनकर | २३ ऑगस्ट, सकाळी ११.२०

काकांनी माझं अर्धं काम करून ठेवलं. उरलेलं सांगतो. ग्रँट रोडला एकवीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय.

आमच्या धंद्यात लॅपटॉपच्या अंगाला चार नावं. झाकणाची पाठ ए पॅनेल, पडद्याभोवतीची चौकट बी, कीबोर्ड बसतो ते सी आणि तळ म्हणजे डी. बिजागरीचे स्क्रू बहुतेक मशीनमध्ये सी पॅनेलच्या आतल्या बाजूला जातात. तिथे प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात आणि खुंटीत पितळी नट गरम करून बसवलेला असतो. बिजागरी असते लोखंडी आणि दिवसेंदिवस घट्ट होत जाते. पडदा उघडताना आपण कोपऱ्याला धरून ओढतो, सगळा जोर त्या नखाएवढ्या खुंटीवर येतो. एक दिवस कट् आवाज होतो आणि नट प्लॅस्टिकसकट बाहेर. स्वस्त मशीनमध्ये हा रोग इतका आहे की माझ्याकडे दिवाळीनंतर आठवड्याला पाच-सहा येतात. साफसफाईत उचल-ठेव होते ना.

आता बाजारातला मुलगा काय करतो? एम-सील नाहीतर फेविक्विक आणि वर खायचा सोडा, दगड होतो त्याचा. बिजागरी बसते. पण मदरबोर्डही त्याच सी पॅनेलला कसलेला असतो. बिजागरीशेजारचा बोर्डाचा स्क्रू बहुतेक वेळा त्या तुटलेल्या भागातच जातो. खुंटीच नाही म्हटल्यावर स्क्रू लावायचा कुठे? राहू दे, चालतंय. आता बोर्डाचा तो कोपरा मोकळा. तुम्ही पडदा उघडला, की बिजागरी सी पॅनेलला वाकवते. मांडीवर घेतला, एका हाताने डाव्या कोपऱ्याला उचलला, की अंग पिळवटतं आणि बोर्ड त्याच्याबरोबर लवतो. अनेक मॉडेलांत रॅमचा स्लॉट तिथून दोन बोटांवर असतो. स्लॉटमधले संपर्क म्हणजे धातूच्या केसासारख्या पट्ट्या. रोज थोडं थोडं सरकलं की एक दिवस एक पट्टी सुटते. पडदा काळा, पंखा चालू. अगदी रॅमचं लक्षण.

रॅम बदलली, तेव्हा नवी रॅम त्याच ढिल्या घरात. बोर्ड बदलला, तेव्हा नवा बोर्ड त्याच मोडक्या पॅनेलवर. सेंटरात टेबलावर सपाट ठेवून चोवीस तास चालवला, कोण पिळणार त्याला तिथे?

सेंटरच्या पोरांना शिव्या घालू नका पण. त्यांच्याकडे चिप लेव्हल काम, म्हणजे बोर्डावरच्या एकेका चिपची दुरुस्ती, नसतं, रोगाचं नाव लिहायचं आणि त्यापुढचा भाग बदलायचा. दिवसाला इतके कॉल, म्हणजे तक्रारी, बंद झालेच पाहिजेत. मीही एका सेंटरात तीन वर्षं काढली आहेत. ‘का बिघडलं’ हा रकाना जॉबशीटवर नसतोच.

आमचाही धंदा काही धुतल्या तांदळाचा नाही. २००८च्या आसपास ग्राफिक्स चिपचा मोठा घोळ झाला होता. चिपच्या पॅकेजिंगमध्येच दोष असल्याचं ती बनवणाऱ्या एनव्हिडियाने जाहीर केलं आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. आम्ही तेव्हा काय करायचो? हॉट एअरने चिप तापवायची, पडदा यायचा, गिऱ्हाईक खूश. दीड-दोन महिन्यांनी परत. तापवल्याने बरं होत नाही हे आम्हाला कळायचं, तरी पैसे घ्यायचो. आता नाही करत.

परीक्षा सांगतो. मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून लॅपटॉप चालू करा. चाचणी सुरू असताना अर्धा तास हात लावू नका. मग पडदा हळूहळू दहा वेळा उघडा-मिटा, डावा कोपरा अलगद उचला. मोबाइलवर शूटिंग चालू ठेवा.

उंटावरचा_शहाणा | २३ ऑगस्ट, दुपारी १२.०५

म्हणजे लिनक्सने झालं नसतं?

लॅमिंग्टनकर | २३ ऑगस्ट, दुपारी १२.०७

झालं असतं. उघडून टाकलं असतं तर.

जमाखर्च | २४ ऑगस्ट, दुपारी ४.३०

केलं. पहिला अर्धा तास सगळं शांत. पडदा मिटून उघडायला लागले, चौथ्या खेपेला चुकांच्या लाल ओळी धडाधड. सातव्या खेपेला अख्खा गोठला. आई शूटिंग करत होती, त्यात तिचा आवाज आलाय: “अगं बाई, हे तर बिजागरीचंच!” आठ महिने मी कोल्हापूरला जातेय आणि माझ्या आईला सात मिनिटांत कळलं.

सेंटरला व्हिडिओ मेल केला. फोन आला. म्हणाले, सी पॅनेल आणि बिजागरी मिळून ९,४००, वॉरंटीत बसणार नाही, शिवाय बाहेर उघडलेलं असल्यामुळे ‘टॅम्पर्ड’. मी म्हटलं, तुमच्या माणसांनी चार वेळा उघडलं, तेव्हा तुटकी खुंटी आणि नसलेला स्क्रू एकालाही दिसला नाही? तर म्हणे, मॅडम तुम्ही कंप्लेंट पडद्याची दिली होती.

मला कोर्टात खेचायचंय यांना.

वकीलीणबाई | २४ ऑगस्ट, रात्री ८.१५

खेचण्याआधी श्वास घ्या.

बिजागरीबद्दल तुमची बाजू लंगडी आहे. वॉरंटीच्या कागदावर भौतिक नुकसान वगळलेलं असणार आणि बाहेर दुरुस्ती तुम्हीच करून घेतलीत. पण मला सेवेतली त्रुटी दिसते. चार वेळा उघडून मूळ कारण न बघणं, ते लिहून न देणं, दर वेळी ‘ओके टेस्टेड’ म्हणणं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तुमची दुसरी.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बऱ्याच कंपन्या तिथेच नमतात. नाही नमल्या तर लेखी नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे रत्नागिरी. कंपनीच्या गावी जायला नको. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ऑनलाइनही दाखल होते, २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

पाचही जॉबशीट आहेत ना? फोनवरच्या बोलण्याला काडीची किंमत नाही, मेलवर लिहून मागा.

उंटावरचा_शहाणा | २४ ऑगस्ट, रात्री ८.४०

धंद्यासाठी वापरतात त्या. व्यावसायिक वापर असेल तर ग्राहक धरत नाहीत. कायदा मलाही कळतो.

वकीलीणबाई | २४ ऑगस्ट, रात्री ८.५२

अर्धा कळतो. त्याच व्याख्येखाली स्पष्टीकरण आहे. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरली जात नाही. गादीवर बसून सतरा दुकानांचा जमाखर्च लिहिणारी बाई म्हणजे कंपनी नव्हे.

सोलकढी_विथ_आइस | २४ ऑगस्ट, रात्री ९.००

उंट बसला.

जमाखर्च | २६ ऑगस्ट, रात्री १०.१०

जॉबशीट चारच सापडल्या. मार्चची कुठे गेली कोण जाणे, बहुतेक रद्दीत. १९१५वर नोंद केली, नंबर मिळालाय.

उद्या गणपती. घरात नैवेद्याची तयारी आणि मी इथे. विसर्जनापर्यंत लॅपटॉप माळ्यावर.

जमाखर्च | ९ सप्टेंबर, संध्याकाळी ७.२५

धागा वर काढतेय.

कोल्हापूरला गेलेच नाही. लॅमिंग्टनकरांनी व्यक्तिगत निरोपात काय काय विचारायचं ते लिहून दिलं होतं, ते घेऊन कराडला एका दुकानात गेले. तो मुलगा माझ्यासमोर उघडायला तयार झाला, ही पहिलीच वेळ. आत बघितलं आणि पोटात गोळा आला. एम-सीलचा करड्या रंगाचा हा एवढा गोळा, खाली खुंटी नाही, आणि बोर्डाला सहा जागी स्क्रू हवे तर चारच. पाचवा पंख्याच्या पात्यांखाली सापडला. चार वेळा उघडलं तेव्हा तो कोणाला दिसला नाही, की दिसूनही तिथेच राहू दिला, देव जाणे.

सी पॅनेल कीबोर्डासकट मागवावं लागलं, तीन दिवस गेले. बिजागरीला त्याने तेल लावून थोडी सैल केली. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या! मला हसू आलं. एवढं पाच वेळा संगणकशास्त्र झालं आणि शेवटी शाळेतला रबर. एकूण ५,६००. बिलावर त्याने ‘कारण’ असं लिहून खाली दोन ओळी खरडल्या आहेत. वकीलीणबाई, हे चालेल ना?

कंपनीकडून एकच मेल आली, चार ओळींची. गैरसोयीबद्दल दिलगीर आहेत आणि जॉब ‘क्लोज्ड’ आहे.

लॅमिंग्टनकर | ९ सप्टेंबर, रात्री ८.०२

खोडरबराला हसू नका. घासल्यावर भुसा झटकायचा असतो तेवढा, नाहीतर तोच स्लॉटमध्ये जाऊन बसतो. कोकणातल्या दमट हवेत वर्षातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या.

पडदा उघडताना कोपऱ्याला नाही, मधोमध धरायचा. आणि कुकर बघायला जाताना दोन हातांनी न्या.

वकीलीणबाई | ९ सप्टेंबर, रात्री ९.३०

चालेल काय, पळेल. तो कागद लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढा. थर्मल कागदावर असेल तर आजच, त्यावरची अक्षरं उडतात.

तारायंत्र | १० सप्टेंबर, पहाटे ५.३५

पाचवा स्क्रू मिळाला. सहावा?

जमाखर्च | १० सप्टेंबर, सकाळी १०.१५

नाही मिळाला काका. कराडच्या मुलाने दुसऱ्या मशीनचा लावला, रंगाने काळा आहे, बाकीचे रुपेरी. तळ उलटा केला की माझं लक्ष आधी तिकडेच जातं.

जमाखर्च | २० सप्टेंबर, रात्री ११.४१

सतरा भरली. शेवटचं आत्ता गेलं. पडदा एकदाही गेला नाही. तरी दर दोन ओळींनी सेव्ह करतेय आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह गळ्यात दोरीत अडकवलाय, आई म्हणते डोरल्यासारखा दिसतो.

कंपनीला नोटीस सोमवारी जातेय.

नुसताच_वाचक | २१ सप्टेंबर, सकाळी ६.५०

अभिनंदन. आजवर या साइटवर एकच प्रतिसाद दिला होता, तो याच धाग्यावर. आता हा दुसरा. कालपासून माझ्या लॅपटॉपचा पडदा उघडताना उजव्या बाजूने कट् असा आवाज येतोय. आज रविवार, दुकानं बंद. तोवर उघडाच ठेवू की मिटून?